भिंतीवर नसलेला रोग

नारायणगावात माझं औषधांचं दुकान होतं. औषधांचं म्हणजे पिकांच्या. आमच्या भागात नुसतं ‘औषध’ म्हटलं की ते टोमॅटोवर नाहीतर द्राक्षावर मारायचं असतं. माणसाच्या औषधाला ‘गोळ्या’ म्हणतात. गिऱ्हाईक पिशवीतून रोगट पान बाहेर काढायच्या आत मी औषधाचं नाव सांगून मोकळा व्हायचो. ‘माहीत नाही’ हे दोन शब्द माझ्या तोंडून कधी कुणी ऐकले नाहीत. पीक बहुतेक वेळा स्वतःच्या हिमतीवर वाचायचं, पण श्रेय मी घ्यायचो. पीक गेलं तर हवामान होतंच. अशा माणसाला एक दिवस वाटलं की आपण सरकारलाही पटवू शकतो. त्याची ही हकिकत.

आमचं घर नारायणगाव आणि ओझरच्या मधल्या एका गावात. घरात थोरला भाऊ, म्हणजे दादा, वहिनी, मी, माझी बायकापोरं आणि आई. दादा शेती बघायचा, मी दुकान बघायचो, आणि वहिनी आम्हा सगळ्यांना बघायच्या. वहिनींच्या हातची मासवडी पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. बेसन घोटून गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं, आत तीळखोबऱ्याचं सारण भरायचं आणि न फुटता वळायचं, हे काम सगळ्यांना जमत नाही. कुणाकडे जावई आला, सोयरीक जुळवायला पाहुणे आले की वहिनींना बोलावणं ठरलेलं. त्या पदर खोचून निघाल्या की चालण्यात एक वेगळाच डौल असायचा. गावातल्या बायकांत त्यांना जो मान होता तो या मासवडीचा होता, आणि त्यांना दुसरं काही नको होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी आई विसरायला लागली. आधी गमतीचंच होतं. ती मला मामाच्या नावाने हाक मारायची. मामा तरुणपणी दिसायला माझ्यापेक्षा बराच बरा होता, त्यामुळे मी दोन-तीन महिने ते कौतुकच समजत होतो. मग तिने मीठ चहात घातलं, लुगडं कणगीत ठेवलं. आणि मग ते सुरू झालं, ज्यात गंमत नव्हती.

आई भाकरी-कालवण पोटभर जेवायची, हात धुवायची, आणि समोरच्या काकीच्या ओट्यावर जाऊन बसायची. “सकाळपास्नं पोटात काय न्हाई गं बाई. सून देतच न्हाई.”

ही समोरची काकी नात्याने आमची लांबची चुलती, मनाने वाईट नव्हती. भुकेलेली म्हातारी दारात आल्यावर कोण पान वाढणार नाही? ती वाढायची, आई पुन्हा जेवायची, आणि काकी संध्याकाळी नळावर सांगायची, “म्हातारी आधाशासारखी जेवली वं! घरात घासबी देत नसत्याल.” नळावर आलेली बातमी गावभर व्हायला वेळ लागत नाही. आपल्याकडे सासूला उपाशी ठेवणारी सून ही गोष्ट पुराव्याशिवाय खरी मानायची पद्धत आहे. आणि इथे तर साक्षात सासूच सांगत होती.

त्या वर्षी लग्नसराई आली, पण वहिनींना बोलावणं आलं नाही. खालच्या आळीला पाहुणे आले आणि मासवडी दुसऱ्याच कुणी केली. फुटली म्हणे, रश्श्यात सगळा गाळ झाला. तरीही वहिनींना बोलावलं नाही. जी सासूला घास घालत नाही तिच्या हातचं पाहुण्यांना कसं घालायचं, असं कुणीतरी म्हणालं आणि ते वहिनींपर्यंत पोचलं. त्या मला एवढंच म्हणाल्या, “भावजी, आत्याबाईंना दोनदा काय, धा वेळा वाढीन. पण गावाच्या तोंडातनं ह्ये कसं काढायचं, त्ये सांगा.”

मी अर्थातच “माहीत नाही” म्हणालो नाही. “बघतो,” म्हणालो.

आईला पुण्याला मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तिला बरंच विचारलं, माझ्याशीही बोलले आणि म्हणाले, हा अल्झायमर. जेवल्याची आठवणच तयार होत नाही. त्यामुळे ती खोटं बोलत नाही, तिच्या दृष्टीने ती खरोखरच जेवलेली नाही. मी सवयीने विचारलं, “डोस किती? आणि परत किती दिवसांनी मारायचं?” डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “हा आजार बरा करणारं औषध नाही. सांभाळायचं असतं.” उभं आयुष्य औषधं विकून काढलेल्या माणसाला हे वाक्य पचवायला नारायणगावचा स्टँड येईपर्यंत वेळ लागला.

पण नाव मिळालं होतं, आणि नाव मिळालं की अर्धी लढाई जिंकली असा माझा धंद्यातला अनुभव. मी थेट काकीच्या ओट्यावर गेलो आणि छाती पुढे काढून सांगितलं, “काकी, आईला अलजायमर आहे.”

“आता ह्ये काय नवीन?”

“रोग आहे. विसरण्याचा. जेवलेलं आठवत नाही.”

काकीने शाळेच्या भिंतीकडे बोट केलं. आमच्या गावच्या शाळेची रस्त्याकडची भिंत म्हणजे सरकारची पाटी. गेरूच्या पट्ट्यावर पांढऱ्या अक्षरात हिवताप, क्षयरोग, कुष्ठरोग, पोलिओ, अतिसार. “त्या भितीवर सगळं रोग लिवल्यात. तुमचा कुठं हाय, दाव बरं. सरकारला ठाव न्हाई आन तुमच्याच घरात बरा घावला!”

राग आला, पण त्या बाईचं बोलणं मला रात्रभर नव्हे, तर पुढची कित्येक वर्षं पुरलं. कारण ती बरोबर होती. कुष्ठरोग भिंतीवर यायच्या आधी तो पाप होता. भिंतीवर आल्यावर तो रोग झाला, निदान बऱ्याच जणांच्या लेखी. हळूहळू माणसं त्या घरचं पाणी प्यायला लागली. सरकारचं धोरण धोरण म्हणतात ते मुंबईत काय असतं मला ठाऊक नाही. गावात ते भिंतीवर असतं. भिंतीवर आला तो रोग, आणि नाही आला तो सुनेचा दोष. ठरलं तर मग. आईचा रोग भिंतीवर आणायचा.

पहिली स्वारी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे. सज्जन माणूस. चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुमचं दुःख कळतं. पण यासाठी आमच्याकडे हेड नाही.”

मला वाटलं मोठा साहेब, म्हणजे विभागप्रमुख नाही. मी म्हणालो, “मग नवीन येईपर्यंत तुम्हीच करा ना.”

“तसं हेड नाही हो. लेखाशीर्ष. हिवतापाला आहे, क्षयाला आहे. प्रत्येक रोगाला सरकारी हिशोबात एक खातं लागतं. तुमच्या रोगाला खातंच नाही. खातं नाही तर भिंत नाही, माणूस नाही, तपासणी नाही.”

“म्हणजे साहेब,” मी म्हणालो, “ज्या रोगात माणसाचं डोकं जातं, त्यालाच सरकारकडे हेड नाही?”

साहेब खो-खो हसले आणि म्हणाले, “हे तुम्ही वर बोला. मी बोललो तर माझी बदली होईल. आमसभेत ठराव आणा.” आमसभा म्हणजे वर्षातून एकदा आमदारांसमोर सगळ्या तालुक्याने आपली गाऱ्हाणी मांडायची जागा. मी तिथेच ठरवलं. पण आमसभेत एकटा बोलणारा माणूस म्हणजे चेष्टेचा विषय. मागे दहा-वीस घरं उभी पाहिजेत. ती शोधायला मी नारायणगावात बाजाराच्या दिवशी बैठक लावली.

इथे माझं डोकं चाललं, म्हणजे वाट लागली. मी रिक्षावर भोंगा लावून पुकारा करायला एकाला सांगितलं. “अल्झायमर या रोगाविषयी मोफत माहिती, घरात लक्षणं असतील त्यांनी यावं, दुपारी देवळाच्या मंडपात,” आणि शेवटी माझ्या दुकानाचं नाव. ते घालायचा मोह मला आवरला नाही. पुकारा करणाऱ्याला तो शब्द उच्चारता येईना. त्या सालात टोमॅटोवर अल्टरनेरिया नावाचा करपा रोग सगळीकडे थैमान घालत होता, आणि ते नाव त्याच्या जिभेवर पक्कं बसलेलं. तो दिवसभर बाजारातून ओरडत फिरला, “अल्टरनेरिया! मोफत माहिती! औषधवाल्या भाऊंकडून!”

दुपारी मी मंडपात गेलो तर बसायला जागा नाही. माझा ऊर भरून आला. मनात म्हटलं, काय हा समाज, किती जागरूक! मग बघितलं, प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत टोमॅटोची पानं. एका बहाद्दराने अख्खं झाड मुळासकट आणलं होतं.

मी पुण्याच्या डॉक्टरांची वाक्यं सुरू केली. “या रोगाची सुरुवात सावकाश होते, आपल्या लक्षातही येत नाही...”

“बराबर!” मागून आवाज.

“आधी बारीकसारीक, मग हळूहळू सगळं व्यापतो.”

“खालच्या पानापास्नं वर चढतो,” एकजण शेजाऱ्याला समजावत होता.

“आणि या रोगावर औषध नाही.”

झाड घेऊन पुढे बसलेला एक पागोटेवाला उभा राहिला. “भाऊ, तुमी गेल्या पंधरवड्यात मला ह्याच्यावरच दोन डबं इकलं!”

तेव्हा मला पिशव्यांचा अर्थ लागला. पुढची दहा मिनिटं काय झालं ते सांगत नाही. माझ्या धंद्याचं सगळ्यांत मोठं नुकसान मी स्वतः, भाड्याचा भोंगा लावून, मोफत करून घेतलं होतं. लोक हसत होते, काही शिव्या घालत होते, एकजण म्हणाला, “राव, औषध न्हाई म्हणणारा दुकानदार आज पहिल्यांदा बघितला. ह्याचा फोटू काढा!”

निम्मे लोक उठले. मी ओरडलो, “थांबा हो! पानाचं सोडा. एवढंच सांगा, तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस जेवून उठल्यावर जेवलो नाही म्हणतं का?”

उठलेले उभेच राहिले. मघाचा पागोटेवाला झाडाचं ओझं खाली ठेवत म्हणाला, “आमचं आबा. रोज.” मग म्हणाला, “मी बायकूला वराडतो. आबा खोटं कशाला बोलत्याल, म्हणून.”

“आमची आजी पैसं चोरलं म्हणती,” दुसरा म्हणाला.

मग सुरूच झालं. पिशव्या मांडीवर आणि बोलणं घरातल्या माणसांचं. सगळ्यात शेवटी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडचा, डोंगरातला एक भातवाला बोलला. बाजाराला आलेला, गर्दी बघून आत शिरलेला. त्याच्या आईचं माहेरही आणि सासरही डिंभे धरणात गेलेलं. “ती रोज घरी जाती म्हून निघती. वाट बराबर काढती. पाण्यापाशी जाऊन हुबी ऱ्हाती. म्हणती, कुणी भरलं हितं पानी? आमी पाळीपाळीनं तिच्या मागं चालतो. गाव म्हणतं, म्हातारीला झपाटलंय.” त्याने विचारलं, “तुमी ह्याला रोग म्हणता व्हय?”

“रोगच आहे,” मी म्हणालो. त्या दिवशी मी बोललेलं एवढंच वाक्य कुणी हसण्यावारी नेलं नाही. त्यातल्या बऱ्याच जणांनी आपापल्या ग्रामसभेत ठराव मांडायचं कबूल केलं. भातवाला त्यांच्या तालुक्याच्या गावी, घोडेगावला मांडणार होता. एका करप्याच्या कृपेने माझ्यामागे दोन तालुक्यांतली घरं उभी राहिली होती.

आमसभा आमच्या तालुक्याच्या गावी, जुन्नरला. मी इस्त्रीचा सदरा घातला. दादा टोमॅटोच्या तोड्यात अडकलेला, माझी बायको माहेरी, वहिनींना तर सभा स्वतः ऐकायची होती, त्यामुळे आईला घरी ठेवणार कुणाजवळ? आई आणि वहिनी माझ्याबरोबर जीपमध्ये. त्याच जीपमध्ये काकीही, कारण आमच्या आळीला पाणी येत नव्हतं आणि ते गाऱ्हाणं तिला स्वतः घालायचं होतं. नारायणगाव ते जुन्नर आई आणि काकी मांडीला मांडी लावून बसल्या, आणि काकी वहिनींशी एक शब्द बोलली नाही.

सभेआधी मांडवात जेवण होतं. मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलबी. आई पंगतीत काकीशेजारीच बसली. वहिनी तिच्या पानात कमी-जास्त बघत होत्या. आमदार पंगतीतून हात जोडत फिरले, आईपाशी थांबले. “आजी, पोटभर जेवा!”

“जेवले रं बाळा. जिलबी लई ग्वाड हाय,” आई म्हणाली आणि आणखी एक घेतली.

सभा सुरू झाली. रस्ते, विजेच्या डीपी, पाणी, काकीचा नळ, असं करत करत माझं नाव पुकारलं. मी हेडचा विनोद केला. सभागृह हसलं, आमदारही हसले. मला चढलं. मी विनोद पुन्हा केला; कुणी हसलं नाही. मग मी सरळ मागणी केली. शासनाने हा आजार आपल्या आरोग्य कार्यक्रमात घ्यावा, तालुक्याच्या रुग्णालयात महिन्यातून एक दिवस याच्या तपासणीचा असावा, आणि बाकीच्या रोगांसारखी याचीही माहिती गावोगाव भिंतीवर लिहावी.

व्यासपीठावरचे एक अधिकारी म्हणाले, “वयोमानानुसार विसरणं होतंच. प्रत्येक म्हातारपणाला सरकारने रोग कसं म्हणायचं? यात वेगळं काय आहे?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला. खणखणीत. माझ्या आईचा.

“सायेब! सकाळपास्नं मला कुणी अन्न दिलं न्हाई. ही बगा माझी सून. उपाशी मारती मला!”

आधी हशा आला. मग तो विरत गेला, कारण ज्यांनी ज्यांनी तिला पंगतीत बघितलं होतं त्यांच्या लक्षात यायला लागलं. मी काकीकडे बघितलं. तिच्या मांडीला मांडी लावून म्हातारी जेवली होती. काकीच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी लिहून दाखवू शकत नाही. ती एकदा आईकडे बघायची, एकदा वहिनींकडे.

वहिनी उठल्या. सगळा तालुका त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी कुणाला काही समजावलं नाही. आईचा हात धरला आणि म्हणाल्या, “चला आत्याबाई, पान वाढते.” आणि दोघी स्वयंपाकाच्या मांडवाकडे निघून गेल्या.

आमदार त्या अधिकाऱ्यांकडे वळले. “आजींनी माझ्यासमोर जिलबी खाल्ली. वेगळं काय आहे विचारत होतात ना? ठराव मांडा.”

हात वर झाले. ठराव मंजूर. मला मात्र भान नव्हतं. माझं निम्मं भाषण शिल्लक होतं आणि ते मी सुरूच ठेवलं. शेवटी शेजारच्याने सदरा ओढला. “राव, मंजूर झालं. आता बसा, न्हाईतर तुमचं ऐकून परत नामंजूर करत्याल.”

पुढे मुंबईहून उत्तर आलं, मागणीची नोंद घेण्यात आली आहे असं. नोंदीचं धोरण व्हायला किती काळ लागतो ते मी अजून बघतोच आहे, आणि विचारणंही सोडलेलं नाही. महिन्याचा तपासणीचा दिवस मात्र सुरू झाला, आणि आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी केंद्राची भिंत दिली. मजकूर काय लिहायचा यावर माझा आणि वहिनींचा वाद झाला. मला मोठ्या अक्षरात अल्झायमर हवं होतं. वहिनी म्हणाल्या, “त्यानं कुणाला काय कळतंय? काय व्हतं त्ये लिवा.” म्हणून भिंतीवर असं आलं: ‘जेवून जेवलो नाही म्हणणारं माणूस खोटं बोलत नाही. घरचेही उपाशी ठेवत नाहीत. हा आजार आहे. तपासणीला या.’ माझ्या माहितीत एखाद्या सुनेची बाजू घेणारी ही पहिली सरकारी भिंत. आणि माझं म्हणणं असं आहे की राज्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राला अशी एक भिंत मिळाली, तिच्यामागे एक डॉक्टर आणि एक ठरलेला वार मिळाला, तर पुष्कळ घरांतला न्याय आपोआप होईल. हे अवघड नाही. हिवतापाला जमलं, याला जमेल.

पुढच्या लग्नसराईत एका सकाळी काकी आमच्या दारात आली. तिच्या धाकट्याची सोयरीक ठरत होती. ती उंबऱ्यातच उभी राहिली, आत येईना. वहिनी चुलीपुढून उठल्याही नाहीत.

“शुक्रवारी पावणं यायच्यात,” काकी म्हणाली.

“बरं.”

“मासवडी करायची व्हती.”

“करा की.”

काकी पदराशी चाळा करत राहिली. “मला वळती व्हय? फुटती. तू यी.”

वहिनींनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटी केली. मग म्हणाल्या, “येईन. आत्याबाईंना संगं आणीन. त्या पावण्यांपुढं म्हणत्याल, सून जेवाया देत न्हाई. तवा कुणी हसायचं न्हाई, कुणी माझ्याकडं बघायचं न्हाई. गुमान परत पान वाढायचं. हाय कबूल?”

“कबूल,” काकी म्हणाली. “मी सोता वाढीन.”

मी ओसरीवर पेपर वाचत असल्याचं सोंग करत बसलो होतो. मनात आलं, आपण दोन तालुके, एक आमसभा आणि मुंबईचं मंत्रालय पालथं घालून जे मागत होतो, ते या बाईने भाकरी भाजता भाजता लागू केलं. उत्साहाच्या भरात मी आतल्या बाजूला ओरडलो, “वहिनी, मीपण येतो शुक्रवारी, पाहुण्यांना या आजाराची थोडी माहिती देतो!”

काकी आणि वहिनी एकदमच म्हणाल्या, “तुमी दुकानात बसा!”

कित्येक महिन्यांनी त्या दोघींचं एकमत झालं होतं. मी दुकानात बसलो.